पहिल्या चार किलोमीटरचा धूर

युरो-6 मानकानुसार पेट्रोल मोटारीला किलोमीटरमागे 1 ग्रॅम कार्बन मोनॉक्साइड सोडण्याची मुभा आहे. तीच गाडी उणे 7 अंश सेल्सिअसला थंड ठेवून सुरू केली, तर मुभा 15 ग्रॅमची होते. हायड्रोकार्बनची मर्यादा 0.1 ग्रॅमवरून 1.8 ग्रॅमवर, म्हणजे 18 पटींवर जाते.

नेहमीच्या आणि थंडीतल्या चाचणीचे अंतर सारखे नाही, म्हणून एकूण ग्रॅम पाहणे योग्य. एनईडीसी या युरोपच्या जुन्या चाचणीचे अंतर 11 किलोमीटर होते; कार्बन मोनॉक्साइडची मुभा 11 ग्रॅम. थंडीतली चाचणी जेमतेम 4 किलोमीटरची; तिथे मुभा 60 ग्रॅम.

या 60 ग्रॅमला दोन कारणे आहेत. पेट्रोल साधारण 35 ते 210 अंशांदरम्यान उकळते. थंड इंजिनात त्यातला हलका भागच वाफ होतो, म्हणून जास्त पेट्रोल सोडावे लागते आणि त्यातले काही न जळताच बाहेर पडते. दुसरे कारण कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. तापल्यावर तो 90 टक्क्यांहून अधिक प्रदूषक वायू निरुपद्रवी करतो, पण सुमारे 250 अंशांपर्यंत त्याचे काम जवळपास बंद असते.

आपल्याकडे बहुतेक ठिकाणी उणे 7 नसते. पण 25 अंशांवरून 250 गाठायलाही 225 अंश चढावे लागतात. उणे 7 वरून 257. कन्व्हर्टरची चढण फक्त 12 टक्क्यांनी कमी झाली. उबदार हवेचा खरा फायदा पेट्रोलची वाफ होण्यात आहे.

नायट्रोजन ऑक्साइडचे गणित उलटे आहे. ज्वलनाचे तापमान वाढेल तसे ते वाढतात. युरो-6 च्या थंडीतल्या चाचणीत त्यांना मर्यादाच नाही. एप्रिल 2020 मध्ये बीएस-4 मानकाकडून बीएस-6 कडे जाताना भारतात पेट्रोल मोटारींसाठी नेहमीच्या चाचणीतली नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा किलोमीटरमागे 0.08 वरून 0.06 ग्रॅमवर, म्हणजे 25 टक्क्यांनी उतरली. थंड इंजिनात वाढणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बनचे आकडे होते तिथेच राहिले.

मोजण्याची वेळही महत्त्वाची. युरोपात 2000 पूर्वी 1,220 सेकंदांच्या चाचणीतले पहिले 40 सेकंद मोजलेच जात नव्हते. युरो-3 ने ती सूट काढली. आपली पीयूसी ही प्रदूषण तपासणी आजही तापलेल्या इंजिनाची होते. सकाळी गाडी सुरू केल्यावरचे पहिले मिनिट त्या प्रमाणपत्रात येत नाही.

उभ्या गाडीत इंजिन तापायला जास्त वेळ लागतो. तेव्हा सुरू करताच हळू चालवायला लागा, आणि जवळपासची तीन कामे तीन थंड सुरुवातींऐवजी एका फेरीत उरका.