उतारवयातील दंतोपचार आणि खर्चाची तरतूद
यवतमाळ जिल्ह्यातील मुकुटबनसारख्या गावी, जिथे कापसाच्या उत्पन्नावर घरचा वर्षाचा जमाखर्च बेतलेला असतो, तिथे दात निखळू लागले की वृद्ध मंडळी वयाला दोष देऊन मऊ भातावर निर्वाह करू लागतात, ही गोष्ट मला अत्यंत क्लेशदायक वाटते; कारण चर्वणशक्तीच्या क्षयाबरोबर भाकरी, शेंगदाणे, फळे सुटतात आणि देह कृश होत जातो. दंतरोपण अनेकांच्या ऐपतीबाहेरचे असले, तरी काढता-घालता येणारी कवळी पुष्कळ स्वस्त पडते, आणि नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयासारख्या ठिकाणी खाजगी दवाखान्यापेक्षा खर्च कमीच येतो. शिवाय २०१७ साली सुरू झालेल्या केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत दारिद्र्यरेषेखालील ज्येष्ठांना कवळी विनामूल्य देण्याची तरतूद आहे. मुलासुनांनी याविषयी तहसील कचेरीत अवश्य चौकशी करावी.