मान, ताण आणि अमळनेरचे प्राचार्य

या आठवड्यात उशीचा विषय घ्यायचे ठरले होते. तो आता पुढच्या अंकात, कारण मधेच धुळ्याच्या एका निवृत्त शिक्षकांचे पत्र आले आणि त्यातला प्रश्न बाजूला ठेवण्यासारखा नाही. नातू मोबाइलवर वाकला की घरातले दटावतात, ‘अरे, मानेवर सत्तावीस किलोचं ओझं पडतंय!’ हा आकडा खरा आहे का, आणि मानेला ताण देण्याचे व्यायाम केले की ते ओझे उतरते का, असे गुरुजी विचारतात.

आकडा न्यूयॉर्कचा आहे. तिथले मणक्याचे शल्यचिकित्सक केनेथ हंसराज यांनी २०१४ मध्ये संगणकावर मानेचे गणित मांडले. डोके सरळ असताना मानेवर साधारण पाच किलो भार, ६० अंश पुढे झुकले की सुमारे २७ किलो. गणित म्हणून ते ठीकच आहे. पण ते नमुन्यावरचे गणित आहे, कुणाची मान किती दुखते याचे मोजमाप त्यात नाही. भार वाढला म्हणजे इजा झालीच, असे त्यातून निघत नाही. भार पेलणे हे स्नायूंचे कामच आहे.

जळगावच्या सराफ बाजारात माडीवर काम करणारा एखादा कारागीर पाहावा. मांडी घातलेली, हनुवटी छातीला टेकायला आलेली, हातात चिमटा, तोंडात फुंकणी, आणि दोन्ही खांदे नकळत कानांकडे चढलेले. संध्याकाळी त्याचा हात आपोआप जातो तो मान आणि खांदा यांच्या मधल्या गाठीवर. तिथे ट्रॅपिझियस हा मोठा स्नायू आहे, आणि त्याच्याखाली खांद्याच्या पात्याला मानेच्या मणक्यांशी जोडणारा लेव्हेटर स्कॅप्युली. डाग देताना मान वाकणारच, त्यात वावगे काही नाही. ती तासन्तास एकाच कोनात राहते, हे त्रासाचे मूळ. थोड्या जोरावर पण न थांबता चाललेल्या कामात स्नायूतले ठरावीक तंतूच सतत राबतात, त्यांना उसंत मिळत नाही, असा अभ्यासकांचा कयास आहे.

मान वाकवणे हेच वाईट असते तर योगातला जालंधर बंध करणाऱ्यांचे काय झाले असते? त्यात हनुवटी गळ्याखालच्या खाचेत घट्ट दाबायची असते. फरक एवढाच, की ती थोड्या वेळाने उचलली जाते.

बंधांचा विषय निघाला की खानदेशातल्या वाचकाने अमळनेरची आठवण ठेवायलाच हवी. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे पुढचे स्वामी कुवलयानंद, लोणावळ्याला जाण्याआधी अमळनेरात होते. खानदेश एज्युकेशन सोसायटीत त्यांनी काम केले आणि तिथल्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे ते प्राचार्य होते. बडोद्यात माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायामशाळेत त्यांचे शरीर घडले होते आणि मालसरच्या माधवदास महाराजांकडून योग मिळाला होता. गुरूंवर श्रद्धा होती, तरी योगाने शरीरात नेमके काय घडते ते यंत्राने पाहिले पाहिजे, हा त्यांचा हट्ट होता. विसाव्या शतकाच्या विशीत त्यांनी बडोद्याच्या रुग्णालयात उड्डियान आणि नौली या पोटाच्या क्रियांचा क्ष-किरणांनी अभ्यास केला. नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, हे त्यांना आढळले, आणि त्या निर्वाताला त्यांनी गुरूंचे, माधवदासांचे, नाव दिले. १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम उभे राहिले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू झाले. योगाला प्रयोगशाळेत नेणाऱ्या माणसाची जडणघडण बोरी नदीच्या काठी झाली, याचा अमळनेरकरांनी खुशाल अभिमान बाळगावा.

तोच हट्ट आता मानेच्या ताणाला लावू.

फिनलंडमध्ये यारी युलिनेन आणि सहकाऱ्यांनी कार्यालयांत काम करणाऱ्या, मानेचे जुनाट दुखणे असलेल्या १८० स्त्रियांचे तीन गट केले. एका गटाने रबरी पट्ट्याच्या विरोधात मानेची ताकद वाढवली, दुसऱ्याने हलका पण जास्त वेळा करायचा व्यायाम केला, आणि तिसऱ्याला फक्त ताण देण्याचे व चालण्या-धावण्यासारखे व्यायाम सांगितले. निकाल २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षअखेर भरपूर किंवा पूर्ण आराम पडल्याचे पहिल्या गटात ७३ टक्के, दुसऱ्यात ५९ टक्के आणि तिसऱ्यात २१ टक्के स्त्रियांनी सांगितले.

म्हणजे ताण देणे फुकट आहे का? नाही. आखडलेल्या मानेला त्याने मोकळे वाटते. पण तो आराम टिकवायचा तर स्नायूला बळ हवे. आपल्याकडे भुजंगासन आहेच. हातांच्या जोरावर न उठता पाठीच्या बळाने छाती आणि डोके उचलले, तर तो ताकदीचा व्यायाम होतो. बहुतेक लोक तळहातांवर रेटा देऊन उठतात आणि त्यातला अर्धा लाभ घालवतात.

ज्यांना जमिनीवर झोपता येत नाही त्यांनी खुर्चीत बसून तळवा कपाळावर ठेवावा. डोके पुढे ढकलायचे, तळव्याने अडवायचे, मान जागची हलू द्यायची नाही. पाच-सहा सेकंद धरून सोडावे. मग तळवा डोक्याच्या मागे, मग एकेका कानाच्या वर. श्वास कोंडू नये आणि जोर हळूहळू वाढवावा.

तर गुरुजी, नातवाला आकडा सांगू नका, दर अर्ध्या तासाने उठवून अंगणात पाठवा. आणि वाचकांपैकी कुणाला हातात मुंग्या येत असतील, पकड ढिली पडत असेल, चालताना तोल जात असेल किंवा मार लागल्यावर मान दुखू लागली असेल, तर यातले काहीही करण्याआधी डॉक्टरांना दाखवावे.