तंबोरा घेतांना

आमच्या हिंगोली जिल्ह्यांतील नरसी हें नामदेवांचें जन्मस्थान मानलें जातें, त्यामुळें भजनी वीणा इकडे सर्वांच्या परिचयाची आहे. तंबोरा घ्यावयाचा झाल्यास मात्र मिरजेकडेच पाहावें लागतें. हल्लीं पुष्कळ कुटुंबें छायाचित्र पाहून मागणी नोंदवितात. छायाचित्रांत नक्षी दिसते, नाद दिसत नाहीं. आणि दोन पिढ्यांनीं जवळ बाळगावयाची वस्तु नक्षीवरून निवडावी, हें आम्हांस पटत नाहीं.

एकोणिसाव्या शतकांत शस्त्रांचा धंदा बसल्यावर शिकलगार समाजांतील फरीदसाहेब ह्यांनीं मिरजेंत तंतुवाद्यें करण्यास आरंभ केला, अशी तेथील परंपरा सांगते. पुढें अब्दुल करीम खांसाहेब तेथें स्थायिक झाले. १९३७ सालीं ते निवर्तले व मिरजेच्याच मातीस मिळाले. गवई आणि कारागीर एका गांवीं नांदल्यानें हाताला कान मिळाला, असें आम्ही समजतों.

तंबोऱ्याचें पोट म्हणजे भोपळा. तो भाजीचा नव्हे. पंढरपूर-मंगळवेढ्याकडील शेतांत वाद्यांसाठीं मुद्दाम पिकविलेला, जाड सालीचा व कडू असा तो असतो. वेलीवर पुरता पक्व झाल्यावर त्यास महिनोन् महिने वाळवितात; मध्येंच अवकाळी पाऊस आला तर शेतकऱ्याची व कारागिराची दोघांचीही मेहनत वायां जाते. दांडी व भोपळ्याच्या तोंडावरील तबली ह्यांसाठीं तून वापरतात, कारण तें हलकें असून हत्याराखालीं नीट चालतें. तबली जाड राहिली तर नाद कोंडतो, फार पातळ झाली तर तारांच्या ताणानें खचते. खुंट्यांना मात्र शिसवासारखें कठीण लाकूड हवें. पाश्चात्त्यांच्या गिटारींत भोपळा नसतो, तिची पाठ व बाजू लाकडाच्याच असतात. त्यासाठीं आपल्या सह्याद्रींत होणाऱ्या शिसवास परदेशांत मोठा मान आहे, हें येथें सहज सांगावेंसें वाटतें.

एकत्र कुटुंबांत एक अडचण हमखास येते. सासरे काळी एकमध्यें गातात, सुनेची पट्टी काळी चार. आणि तंबोरा एकच! पुरुषी तंबोऱ्याचा भोपळा मोठा व दांडी लांब, स्त्रियांचा त्याहून लहान. तारा बदलून थोडेंफार निभतें, परंतु सैल पडलेल्या तारेचा नाद लोळतो. तेव्हां वाद्य मुख्यतः कोण वापरणार, हें घरांत आधीं ठरवावें व पट्टी मागणीच्या पत्रांतच लिहावी.

खरी परीक्षा जवारीची. घोडीचा माथा कानसीनें घासून त्यास अतिशय मंद उतार द्यावयाचा, मग तारेखालीं सूत सरकवून जेथें नाद फुलतो ती जागा शोधावयाची. ह्यास माप नाहीं, कानच प्रमाण. वापरानें तारेची चर पडते व जवारी पुन्हा काढावी लागते. हिंगोलीसारख्या दूरच्या गांवीं हें काम कोण करणार, हें तंबोरा घेण्यापूर्वींच विचारावें.

२०२४ सालीं मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळालें, ह्याचा आम्हांस हर्ष झाला. परंतु मोबाइलमधील तंबोरा फुकट वाजतो, आणि हस्तिदंती दिसणाऱ्या प्लास्टिकच्या वेलबुट्टीस खुशाल पैसे मोजणारें गिऱ्हाईक जवारीच्या मजुरीवर मात्र घासाघीस करतें. कारागिराच्या मुलानें ह्या धंद्यांत राहावें कीं नाहीं, हें बरेंचसें त्या मजुरीवर ठरतें.