अठराव्या वर्षी नेमकं काय मोजायचं?

२०१४ साली टोरंटोत नॅशनल हॉकी लीगच्या, म्हणजे एनएचएलच्या निवडीआधीच्या शारीरिक चाचण्या चालू होत्या. सतरा वर्षांचा सॅम बेनेट बारला लटकला, त्यानं जोर लावला. पण हनुवटी काही बारच्या वर गेली नाही. एकही पुल-अप नाही! लीगच्याच स्काउटनी उत्तर अमेरिकेतल्या होतकरू खेळाडूंच्या यादीत त्याला पहिला क्रमांक दिला होता, त्यामुळे त्या शून्याची मोठी बातमी झाली. कॅलगरी फ्लेम्सनं तरीही त्याला चौथ्या क्रमांकावर निवडलं. २०२५मध्ये फ्लोरिडा पँथर्सनं स्टॅन्ले कप जिंकला, तेव्हा प्लेऑफमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा कॉन स्मिथ करंडक याच बेनेटला मिळाला. त्या प्लेऑफमध्ये त्यानं १५ गोल केले होते.

एवढ्यावरून चाचण्या निकामी ठरत नाहीत. ही हॉकी बर्फावरची. खेळाडू साधारण पाऊण मिनिट जीव तोडून स्केटिंग करतो, बाकावर येऊन दम घेतो आणि पुन्हा उतरतो. पहिल्या काही सेकंदांच्या मुसंडीला स्नायूंत साठलेलं क्रिएटिन फॉस्फेट पुरतं. पुढे ऑक्सिजनविना ग्लुकोज जाळून भागवावं लागतं आणि मांड्या भरून येतात. विंगेट चाचणीत हेच तपासतात. जड रोध लावलेल्या सायकलवर ३० सेकंद पूर्ण ताकदीनं पेडल मारायचं. सुरुवातीचा जोर किती होता आणि शेवटी तो किती घसरला, हे आकड्यात कळतं. माहिती खरी असते आणि उपयोगाचीही. पण तिथे बर्फ नसतो, स्केट्स नसतात, अंगावर धावून येणारा बचावपटू नसतो. चकती स्टिकवर येण्याआधी मुलानं मान वळवून मागे कोण आहे ते पाहिलं का, हे सायकलवर कसं कळणार?

शिवाय ज्याचं मोजमाप घेतलं जातं, ते शरीर अजून पुरतं घडलेलं नसतं. एखाद्याची वाढ सोळाव्या वर्षीच आटोपलेली असते, तर दुसऱ्याचे खांदे विसाव्या वर्षापर्यंत भरत राहतात. चाचणीच्या तक्त्यात मात्र दोघांना एकाच रांगेत उभं केलं जातं.

या असमान तुलनेची मुळं बालपणात आहेत. कॅनडात मुलांचे वयोगट १ जानेवारीच्या हिशेबानं पडतात. जानेवारीत जन्मलेलं मूल आणि डिसेंबरमधलं मूल एकाच गटात खेळतात. आपल्याकडे पहिलीच्या वर्गात वयानं थोरली मुलं चटकन पुढे दिसतात, तसंच हे. दहाव्या वर्षी अकरा महिन्यांचा फरक म्हणजे आयुष्याचा जवळपास दहावा हिस्सा. थोराड मुलाला चांगला संघ मिळतो, मग चांगला प्रशिक्षक आणि खेळायला जास्त वेळ. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ रॉजर बार्न्स्ली यांनी १९८५मध्ये हा जन्ममहिन्याचा परिणाम मांडला. २०१३मध्ये रॉबर्ट डीनर आणि सहकाऱ्यांनी तो धागा पुढे नेला. १९८० ते २००७ या काळात निवडल्या गेलेल्या कॅनडातल्या खेळाडूंपैकी ३६ टक्के वर्षाच्या पहिल्या तिमाहीतले होते, शेवटच्या तिमाहीतले जेमतेम १४.५ टक्के. पण ४०० सामने किंवा २०० गुणांचा टप्पा गाठण्याची शक्यता वर्षाच्या उत्तरार्धात जन्मलेल्यांमध्ये साधारण दुप्पट निघाली. उत्तरार्धातल्या मुलांची किंमत स्काउट सातत्यानं कमी लावत होते, असाच याचा अर्थ होतो. पिढ्यान्‌पिढ्या डोळ्यांवर विसंबलेल्या या धंद्यात मला हा शोध सगळ्यात मोलाचा वाटतो.

निवडीला पात्र ठरायचं तर १५ सप्टेंबरपर्यंत अठरा पूर्ण व्हावी लागतात. ऑस्टन मॅथ्यूजचा जन्म १७ सप्टेंबर १९९७चा. दोन दिवसांनी त्याचं वर्ष हुकलं. ज्युनियर लीगमध्ये न जाता तो झ्युरिकला गेला आणि स्वित्झर्लंडच्या लीगमध्ये प्रौढ व्यावसायिकांविरुद्ध ३६ सामन्यांत २४ गोल करून आला. २०१६मध्ये टोरंटोनं त्याला पहिल्या क्रमांकावर घेतलं आणि एनएचएलच्या पहिल्याच सामन्यात त्यानं चार गोल मारले.

थोराड पुरुषांच्या धक्क्याबुक्क्यांत मुलगा काय करतो, हा पुरावा पुल-अप्सपेक्षा कितीतरी वजनदार. म्हणूनच विश्लेषक लीगनिहाय सममूल्य काढतात. गोल किंवा गोलला दिलेला पास म्हणजे एक गुण. एका लीगमधून एनएचएलमध्ये गेलेल्या खेळाडूंचे आधीचे आणि नंतरचे गुण ताडून पाहिले की गुणक मिळतो. ओंटारिओच्या ज्युनियर लीगमधला एक गुण एनएचएलमध्ये साधारण ०.३ भरतो. या हिशेबात एक खोट आहे. जे वर पोहोचले त्यांच्यावरूनच गुणक ठरतो. न पोहोचलेले त्यात येतच नाहीत. युरोपातल्या मुलांचा अंदाज बांधताना मैदानही पाहावं लागतं. तिथला बर्फ पुष्कळ ठिकाणी ३० मीटर रुंद असतो, एनएचएलचा सुमारे २६. या चार मीटरांत विचार करायचा वेळ आटतो.

निवड झाली, तरी लगेच खेळवायचं का, हे ठरायचंच असतं. अठरा वर्षांच्या मुलाला दहाहून कमी सामने खेळवले, तर त्याचा करार वर्षभर पुढे सरकतो. म्हणून संघाच्या हातात परीक्षेचे नऊ सामने असतात. कॅनडाच्या ज्युनियर लीगमधून आलेल्याला या वयात मधली पायरीही नसते: एक तर एनएचएल, नाही तर परत ज्युनियर.

१९९७मध्ये पहिल्या क्रमांकावर निवडलेल्या जो थॉर्नटनला बॉस्टननं ठेवून घेतलं. ५५ सामन्यांत तीन गोल आणि चार पास, असे अवघे सात गुण त्याच्या नावावर लागले. पुढे त्याची कारकीर्द १,७१४ सामने आणि १,५३९ गुणांपर्यंत गेली. त्या वर्षी बाकावर बसून तो शिकला, की त्याचं एक वर्ष वाया गेलं? त्याला परत पाठवलं असतं तर काय झालं असतं, हे ताडून पाहायला दुसरा थॉर्नटन नाही.