झोप की गुंगी?

नवजात बाळ दिवसाचे सोळा-सतरा तास झोपते. अपुऱ्या दिवसांचे बाळ त्याहूनही अधिक झोपते. त्या झोपेत पापण्यांआड डोळे हलतात, हातपाय उडतात, श्वास कमीजास्त होतो. ही 'सक्रिय झोप'. मेंदू पक्व होतो तशी गर्भकाळाच्या साधारण 32 ते 36 व्या आठवड्यांत 'शांत झोप' तिच्यापासून वेगळी ओळखू येऊ लागते.

आईला दिलेल्या औषधांचाही या झोपेवर परिणाम होतो. आई आणि गर्भ यांच्यामधली वार ही भिंत नसून चाळणी आहे. रक्तदाब वाढून आईला झटके येऊ नयेत म्हणून दिलेले मॅग्नेशियम सल्फेट वारेतून बाळाच्या रक्तात जाते. जन्मानंतर काही काळ बाळ सुस्त, ढिले राहू शकते, कारण त्याची कच्ची मूत्रपिंडे ते सावकाश बाहेर टाकतात. फुप्फुसे लवकर पक्व व्हावीत म्हणून बीटामेथॅसोन दिले तर गर्भाच्या हालचाली दोन-तीन दिवस मंदावतात, मग पूर्ववत होतात. ही औषधे जीव वाचवतात, म्हणून ती टाळायची नाहीत.

पण जंतुसंसर्ग झालेले बाळही सुस्तच दिसते! मग ओळखायचे कसे?

गडचिरोलीत 'सर्च' संस्थेने 1995 पासून 39 गावांत घरोघरी नवजात बालसेवा सुरू केली. गावातल्याच स्त्रियांना शिकवलेली लक्षणे पाहा: आधी चांगले रडणारे बाळ आता क्षीण रडते; आधी नीट पिणारे आता पीत नाही; आधी ठीक असलेले आता सुस्त झाले. अशी दोन लक्षणे एकत्र दिसली की संसर्ग मानून उपचार. इतर उपायांसह झालेल्या या कामामुळे तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांशी ताडता सुमारे 62 टक्क्यांनी घटला. हे निष्कर्ष 1999 साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले.

यातला 'आधी' हा शब्द महत्त्वाचा. औषधाची गुंगी जन्मापासून असते आणि ओसरत जाते. संसर्गाची सुस्ती बहुधा नंतर येते आणि वाढते. म्हणजे एका क्षणाचे निरीक्षण पुरत नाही, दोन वेळांची तुलना लागते. मात्र संसर्ग जन्मतःही असू शकतो. म्हणून दूध न पिणाऱ्या सुस्त बाळाबाबत 'औषधाचा असर असेल' असे घरी ठरवून आपण थांबायचे नाही, दवाखाना गाठायचा. जाताना आईला कोणते औषध, केव्हा दिले याचा कागद सोबत न्यावा. डॉक्टरांना बाळाचा तो 'आधी' त्या कागदावरूनच कळतो.