मालविकेचें गुपित

मराठींतील पहिली ऐतिहासिक कादंबरी ‘मोचनगड’ ही १८७१ सालीं पुस्तकरूपानें निघाली. तेव्हांपासून अशा कादंबऱ्यांतले तीन धागे वाचकांच्या परिचयाचे झाले आहेत: झांकलेलें कूळ, आडवाटेचें प्रेम आणि वडील माणसांनीं ठरविलेला विवाह. हे तिन्ही धागे आपल्या विदर्भाच्या एका कन्येच्या कथेंत फार पूर्वींच गुंफलेले आहेत. ती कथा कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्र’ नाटकाची.

अग्निमित्र हा विदिशेचा शुंगवंशी राजा, इसवी सनापूर्वींच्या दुसऱ्या शतकांतला. विदर्भाचा राजपुत्र माधवसेन यानें आपली बहीण मालविका त्यास देण्याचें योजिलें होतें. परंतु वाटेंतच चुलतभाऊ यज्ञसेन याच्या सीमारक्षकानें माधवसेनास कैद केलें. मंत्री सुमति मालविकेस आणि आपली बहीण कौशिकी हिला घेऊन निसटला व व्यापाऱ्यांच्या तांड्यास मिळाला. अरण्यांत दरोडेखोरांनीं घाला घातला, सुमति पडला. मालविका हातोहातीं राणी धारिणीची दासी झाली, आणि राजानें तिचें चित्र पाहिलें मात्र, तो तिच्यावर लुब्ध झाला.

येथें रहस्याची कळ पाहा. ही कोण, हें वाड्यांत एकट्या कौशिकीस ठाऊक; ती परिव्राजिका होऊन तेथेंच राहिली होती. एक वर्ष दास्य भोगल्यावर हिला योग्य पति मिळेल, असें एका सिद्धपुरुषानें सांगितलें होतें, म्हणून तिनें मौन धरलें. मध्यंतरीं मालविकेस तळघरांत कोंडून पडावें लागलें. शेवटीं विदर्भाहून आलेल्या दोन कलावती मुलींनीं राजकन्येस ओळखलें आणि गांठ सुटली. चोरटें म्हणून ज्यास शिक्षा झाली, तें प्रेम भावानें ठरविलेल्या स्थळींच जडलें होतें!

वाचकाचा जीव भांड्यांत पडतो. परंतु वर्गांत हें कथानक सांगितलें कीं मुलें हमखास विचारीत, ती खरोखरीच दासी असती तर? अशोक पांच रात्रींत फुलला तर तुझी इच्छा पुरवीन, असें वचन धारिणीनें आधींच दिलें होतें, ही तिची थोरवी. तरी मालविकेचा हात राजाच्या हातीं दिला गेला तो कूळ उघड झाल्यावर. आणि स्थळ योजितांना भावानें तिला विचारलें होतें काय, हें नाटक सांगत नाहीं.

दुसरी कथा आमच्या वाशीमची. वाशीम म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म. राजशेखरानें सुमारें इ. स. ९०० मध्यें ‘काव्यमीमांसे’त लिहिलें आहे कीं, प्रेमासारखें बंधन नाहीं हें जाणून गौरीनें काव्यपुरुषासाठीं साहित्यविद्यावधू निर्माण केली व त्याच्या मागें धाडिली. ती देशोदेशीं त्याच्या मागून फिरली. प्रथम त्याचें मन वळेना. पुढें हळूहळू वळलें. आणि विदर्भांतील वत्सगुल्म नगरांत दोघांनीं गांधर्वविवाह केला. योजना मातेची, संमति दोघांची.

मुलामुलींचीं स्थळें पाहणाऱ्या घरांनीं या दोन्ही कथा शेजारीं ठेवून वाचाव्या. कादंबरीकार शेवटच्या प्रकरणांत दासीची राजकन्या करूं शकतो. आपल्या घरांत तसें प्रकरण येत नाहीं. तेथें गुपित असतें तें मुलीच्या मनांतलें, आणि तें उकलण्यास कोणा कलावतीची वाट पाहावी लागत नाहीं. तिला आधीं विचारलें म्हणजे पुरे.