खेळांवरील पैजा आणि न्याय्य बाजार

इंग्लंडांत खेळांवर पैजा लावण्याची हौस फार जुनी. 'स्प्रेड'ची पैज हा मात्र तिचा अर्वाचीन प्रकार. १९७४ सालीं स्टुअर्ट व्हीलर यांनीं लंडनमध्यें आयजी इंडेक्स ही पेढी काढली, ती सोन्याच्या भावावर पैजा घेण्यासाठीं. तीच रीत पुढें क्रीडांगणावर आली. येथें प्रश्न 'कोण जिंकणार' हा नसून 'किती' हा असतो.

समजा, क्रिकेटच्या एका डावास पेढीनें ३००-३१० असा भाव दिला. धावा अधिक होतील असें ज्यास वाटतें, तो तेजीवाला ३१० ला घेतो. उलट वाटणारा मंदीवाला ३०० ला विकतो. दोघेहि धावेमागें १० पौंड लावतात. डाव ३०५ वर आटोपला, तर मौज अशी कीं, तेजीवाल्याचे ५० पौंड गेले आणि मंदीवाल्याचेहि ५० गेले! शंभर पौंड पेढीच्या गल्ल्यांत. भाव ठरविणारी तीच आणि समोरचा पक्षहि तीच.

मग या दोघांनीं परस्परांशींच ३०५ ला व्यवहार कां करूं नये? ठराविक दराच्या पैजांत ही सोय २००० सालीं 'बेटफेअर'नें केली. बाजार चालविणारा तेथें बाजू घेत नाहीं. जिंकणाऱ्याच्या नफ्यावर दलाली तेवढी घेतो.

स्प्रेडची अडचण मात्र खरी आहे. ठराविक दरांत जास्तींत जास्त तोटा आधींच कळतो व तेवढी रक्कम अडकवून ठेवतां येते. येथें तसें नाहीं. तोच डाव १८० वर कोसळला, तर ३०५ ला घेणाऱ्याचे १,२५० पौंड जातात. त्याच्या खात्यांत तेवढे नसतील, तर जिंकलेल्यानें मागावे कोणाकडे? पेढीच्या दोन भावांतील अंतरांत या हमीचीहि किंमत असते, हें तिचे टीकाकार सहसा विसरतात. म्हणून असा बाजार न्याय्य व्हावयाचा, तर हिशेबास दोन्हीकडे सीमा हवी. २०० च्या खालीं व ४०० च्या वर मोजणी थांबवावी. मग घेणाऱ्यानें १,०५० व विकणाऱ्यानें ९५० पौंड अनामत ठेवली कीं कोणी बुडत नाहीं.

दुसरी गोष्ट वेळेची. गडी बाद झालेला मैदानावरील माणसास प्रथम दिसतो, दूरचित्रवाणीवर कांहीं क्षणांनीं. तेवढ्यांत तो घरबसल्याचा जुना भाव उचलूं शकतो. यासाठीं बेटफेअर सामना चालू असतां आलेली पैज कांहीं सेकंद रोखून धरते, म्हणजे भाव देणाऱ्यास तो मागें घेण्यास अवसर मिळतो. स्प्रेडच्या बाजारासहि हें करावें लागेल. आणि एखाद्या लहानशा सामन्यास दुसरी बाजू घेणारा कोणी भेटलाच नाहीं, तर गिऱ्हाइकाची पावलें पुन्हां पेढीकडेच वळतील.